गावोगावचे लक्ष्ये

विनोदी नट गेला की खरी पंचाईत होते ती श्रद्धांजली वाहणाऱ्यांची. गंभीर नटाचं बरं असतं. चेहरा पाडायचा, 'रंगभूमी पोरकी झाली' म्हणायचं आणि खाली बसायचं. विनोदी नटाच्या बाबतीत हे जमत नाही. बोलणाऱ्याला मध्येच एखादा प्रसंग आठवतो, आठवला की करून दाखवल्याशिवाय राहवत नाही, आणि करून दाखवला की समोरची मंडळी हसू लागतात. आपण कशासाठी जमलोय हे मग बराच वेळ कुणाच्या ध्यानात राहत नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी मुंबईत गेला. मूत्रपिंडाचा आजार होता. पन्नाशी ऑक्टोबरातच पुरी झालेली. एकेरी लिहितोय, पण त्याला 'ते' म्हटलं तर चुकल्यासारखं होतं. आमच्या पिढीला तो लक्ष्याच.

त्याच वर्षी इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पहिल्यांदा गोव्यात आली होती. पणजीत नवंकोरं आयनॉक्स, नदीकाठी रोषणाई, देशोदेशीचे सिनेमे. ते आवरून फार दिवस झाले नव्हते. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, आमच्या वाड्यावर मात्र त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मार्गशीर्ष लागला होता, जत्रा तोंडावर आली होती आणि देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, नाटकाच्या तालमी रंगात होत्या.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे जत्रा म्हटली की नाटक आलंच, आणि तेही मराठी. दिवसभर कोकणीत बोलणारी माणसं रात्री पडदा वर गेला की अस्सल मराठीत एकमेकांचे सूड घेतात. बँकेतला कारकून खलनायक होतो, भाड्याच्या मोटारसायकलवरून माणसं पोचवणारा पायलट इन्स्पेक्टर होतो, खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर त्यागी मोठा भाऊ होतो. नायिका बाहेरून येते आणि तिची बिदागी हाच मंडळाच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय असतो. शिवाय प्रत्येक नाटकात एक विनोदी पात्र असतं. बक्षिसं सगळ्यात जास्त त्याला मिळतात. प्रवेश मध्येच थांबवून देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारलं जातं. १९८५ साली 'धूमधडाका' आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगावच्या विनोदी पात्रांना एकच लागण झाली. सगळे लक्ष्या झाले.

आमच्या वाड्यावरचा लक्ष्या वीज खात्यात लाइनमन होता. त्याचं खरं नाव इतकं मागे पडलं की लग्नाच्या पत्रिकेत कंसात 'लक्ष्या' छापावं लागलं, नाहीतर वाडाभर विचारलं असतं, हा नवरा कुठला? त्या डिसेंबरात संध्याकाळी कुणीतरी बाजारातून आला आणि अग्रशाळेच्या दारातूनच ओरडला, "आरे, लक्ष्या गेलो मरे!" लाइनमन तालमीला अजून आला नव्हता. खांबावर चढणाऱ्या माणसाबद्दल असं कानावर आलं की मनात काय येणार? दोघे-तिघे तसेच धावत सुटले, वाटेत बायका सामील झाल्या. घरी पोचून पाहतात तर हा ओसरीवर बसून बशीतून चहा पितोय. खुलासा व्हायला थोडा वेळ गेला. खुलासा झाल्यावर सगळे हसले. हसला नाही तो फक्त लाइनमन. बशी खाली ठेवून म्हणाला, "पन्नास म्हणल्यार कितें पिराय मरे?" पन्नास म्हणजे काय वय झालं?

पुढचे दोन-तीन दिवस त्याच्याकडे माणसं येत राहिली. मी हे रंगवून सांगत नाही. प्रियोळहून फोन आला, सावंतवाडीच्या पाहुण्यांनी निरोप धाडला, पोस्टमननेही सायकल थांबवून "वायट जालें" म्हटलं. तोही ते घरचं कुणी गेल्यासारखं ऐकून घ्यायचा. मुंबईच्या एका नटाबद्दल समाचाराला यायचं तर जायचं कुणाकडे, हा प्रश्न होताच. वाड्याने तो आपल्या परीने सोडवला.

मला हे त्या वेळी गमतीचं वाटलं होतं. आज तितकं वाटत नाही. लक्ष्या मुंबईत साहित्य संघात नोकरी करायचा. नोकरी सांभाळून नाटकं, मिळेल ती छोटी कामं, मग १९८३ साली 'टुरटुर'ने नाव झालं आणि पाठोपाठ सिनेमा. चेहरा तुमच्या-आमच्यासारखा, उंची बेताची. दिवसा कामावर आणि रात्री तालमीला जाणाऱ्या माणसांना हा आपल्यातला वाटला, यात नवल काय? नायक होण्याची स्वप्नं आमच्याकडे कुणी उघडपणे बोलून दाखवली नाहीत. 'लक्ष्यासारखं काम करीन' असं मात्र पुष्कळजण म्हणायचे.

म्हणायचे, पण जमायचं थोड्यांनाच. बहुतेकजण त्याचा आवाज उचलत. आमच्या लाइनमनचं म्हणणं होतं की आवाजात काही नाही, हात बघा. समोरच्याने दरडावलं की लक्ष्याची मान आधी खांद्यांत जायची, डोळे मोठे व्हायचे, शब्द दोनदा-तीनदा अडखळून बाहेर पडायचे. एवढं कुणालाही दिसतं. पण त्याच वेळी हात स्वतःच्या शर्टाचं बटण चाचपत असतात, नाहीतर समोरच्याच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकत असतात. तोंड घाबरलेलं आणि हात लाडीगोडी लावणारे! लाइनमनने हे कुठल्याशा कॅसेटवर पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहून हेरलं होतं. त्या रात्री अग्रशाळेत त्याने एकेक प्रसंग करून दाखवला. खलनायकाला समोर उभं करून दरडावायला लावलं, कारण लक्ष्याला दरडावणारा लागतोच. नाटकाची तालीम अर्थातच झाली नाही. दिग्दर्शक चरफडला, आणि मग स्वतःच फर्माईश करू लागला.

दरडावणाऱ्यावरून आठवलं. अशोक सराफांना आम्ही अर्धे गोव्याचेच समजतो, कारण त्यांचं लग्न मंगेशीच्या देवळात लागलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वाड्यावर पहिलं वाक्य अभिनंदनाचं नव्हतं. "लक्ष्या आज असता तर..." हे होतं.

चाहत्यांच्या प्रेमातही खोट असते हेही सांगितलं पाहिजे. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत भाड्याने व्हीसीआर यायचा आणि अंगणात रात्रभर सिनेमे चालायचे. एका वर्षी 'अशी ही बनवाबनवी' झाल्यावर 'एक होता विदूषक' लावला. १९९२ चा सिनेमा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पटकथा-संवाद पुलंचे, आणि लक्ष्या मुख्य भूमिकेत, पण वेगळाच. तमाशात लोकांना हसवणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं त्याची गोष्ट. अर्ध्या तासात चुळबुळ सुरू झाली, मागून आवाज आला, "हांसपाचें केन्ना?" आणि कॅसेट बदलली गेली. थिएटरांतही तो चालला नाही. विदूषकाची व्यथा सांगणारा सिनेमा, आणि प्रेक्षक विचारतात विनोद कुठाय! पुलंनाही याहून चोख प्रसंग सुचला नसता. लाइनमन तेवढा ती कॅसेट काखोटीला मारून घरी गेला आणि तिचं दुसऱ्या दिवसाचं भाडं त्याने खिशातून भरलं.

हिंदीबद्दल फार न बोललेलं बरं. 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'मुळे तो देशभर पोचला खरा, पण नायकाचा मित्र नाहीतर घरचा नोकर, यापलीकडे त्यांनी त्याला फारसं काही दिलं नाही. आमच्याकडे हा राग अजून आहे.

लाइनमन आता निवृत्त झालाय. जत्रेच्या नाटकात काम करत नाही, पण तालमीला येऊन मागच्या बाकावर बसतो. हल्लीच्या विनोदी पात्राने लक्ष्याला मोबाइलवर, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत पाहिलेलं. पोरगा हुशार आहे, पण तुकडा संपला की त्याचा अभिनयही संपतो. गेल्या खेपेला लाइनमनने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा रे, आधी अख्खा सिनेमा बघ, विनोदाला चढायला जिना लागतो. पोराने विचारलं, "कितलो लांब आसा?" अडीच तास म्हटल्यावर त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. तेवढं मात्र लक्ष्याला शोभलं असतं.

आणि टीव्हीवर तो लागतोच. मधल्या काळात २०१३ साली 'झपाटलेला'चा दुसरा भागही येऊन गेला. तात्या विंचूचा बाहुला होता, लक्ष्या नव्हता. पोरांना हा हिशेब कुठला कळायला! माझी बहीण कांदोळीला, पर्यटकांच्या किनाऱ्यावर दिलीय. परवा तिच्याकडे जेवायला गेलो तर 'बनवाबनवी' चालू होता आणि दुसरीतला भाचा घास तोंडात धरून बघत होता. जाहिरात लागल्यावर त्याने विचारलं, "हा आता असतो कुठे?" मी बहिणीकडे पाहिलं, तिने भावोजींकडे. भावोजी म्हणाले, "पुण्यात. खोली शोधतोय."

भाच्याने थोडा विचार केला. "मग त्याला इकडे बोलवूया ना. वरची खोली आहे आपली."

"मेपर्यंत बुकिंग आहे तिचं," बहीण आमटी वाढत म्हणाली, "जूनमध्ये ये म्हणावं."