कलामाकीची वही: निकेआच्या गच्चीवरचे सात महिने

मी बोटीवरचा माणूस. चौदा वर्षं मरीन इंजिनिअर म्हणून बहुतेक ग्रीक मालकांच्याच जहाजांवर काढली. आता तीन वर्षं अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातल्या ऑफिसात खुर्चीवर बसून तीच जहाजं सांभाळतो. राहतो निकेआत, मेट्रोने दोन स्टेशनं. इमारतीला गच्ची आहे, गच्चीवर कोणीतरी सोडून गेलेली पत्र्याची शेगडी आहे आणि तळमजल्यावर एक आजी आहेत. त्यांना सगळी इमारत ‘याया’ म्हणते, म्हणजे आजीच. ग्रीक पद्धतीने मांस भाजायला शिकतोय, त्याची ही वही. थेट आकडे हवे असतील त्यांनी जूनच्या नोंदीवर उडी मारावी.

२० फेब्रुवारी २०२५

आज त्सिक्नोपेम्प्ती. त्सिक्ना म्हणजे चरबी निखाऱ्यावर पडून येणारा खरपूस वास, पेम्प्ती म्हणजे गुरुवार. ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू व्हायच्या अकरा दिवस आधी अख्खा देश रस्त्यावर शेगड्या मांडतो. आपल्या गटारीचा चुलतभाऊ समजा, फक्त पाऊस नाही. ऑफिसच्या दारात, केशकर्तनालयाच्या दारात, सगळीकडे धूर. अशा दिवशी सुरुवात करायची नाही तर कधी?

बेत कलामाकीचा होता. कलामी म्हणजे बोरू, वेत. ‘कलामाकी’ म्हणजे छोटी काडी आणि तिच्यावर ओवलेले डुकराच्या मांसाचे तुकडे. हे अथेन्सचं नाव. थेस्सालोनिकीत यालाच सूवलाकी म्हणतात. तिथे कलामाकी मागितलं तर सरबताची नळी पुढे करतील. दोन शहरांत यावरून जी जुंपते ती पाहून मला पुणे-मुंबईची आठवण येते.

आता माझा पराक्रम. मटणाला कच्ची पपई चोळायची हे आमच्या चिपळूणच्या घरचं शास्त्र. निकेआत कच्ची पपई कुठली मिळायला? किवी मात्र ढिगाने, कारण ग्रीस किवी पिकवणाऱ्या मोठ्या देशांपैकी आहे. किवीतही पपईसारखंच मांस मऊ करणारं एन्झाइम असतं, हे मला ठाऊक होतं. किती जोरदार असतं, ते ठाऊक नव्हतं. मानेचं एक किलो मांस, दोन किवी, दही, आलं-लसूण, तिखट, धणेपूड. रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी तुकडा ओवायला घेतला तर बोटांतच पिठलं! जे ओवलं गेलं त्यातलं निम्मं जाळीतून निखाऱ्यात पडलं.

उरलेलं यायांना दिलं. त्यांनी एक तुकडा चावला, थांबल्या आणि अगदी काळजीने विचारलं, “पेदी मू, मांस खराब निघालं होतं का?” पेदी मू म्हणजे माझ्या लेकरा. मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, त्यांच्या हिशेबाने मांस चांगलं असेल तर ते एवढ्या मसाल्याखाली लपवायचं कारणच नाही.

८ मार्च

३ तारखेपासून उपास सुरू. याया ईस्टरपर्यंत मांस, अंडी, दूध काही घेणार नाहीत. एकट्याने वर बसून डुक्कर भाजायला लाज वाटते. म्हणून या काळात बाजूच्या गोष्टी.

आधी पिता, म्हणजे मांस गुंडाळायची इथली मैद्याची रोटी. पाचशे ग्रॅम मैदा, तीनशे मिली पाणी, सात ग्रॅम कोरडं यीस्ट, दहा ग्रॅम मीठ, दोन चमचे ऑलिव्ह तेल. तासभर फुगवून सोळा सेंटिमीटरच्या जाडसर लाटायच्या. माझी पहिलीच पिता तव्यावर टम्म फुगली आणि मी विजयी मुद्रेने फोटो काढला. चूक! ती फुगायलाच नको. सूवलाकीच्या ग्रीक पितेला पोट नसतं, ती गुंडाळायची असते, भरायची नसते. लाटल्यावर काट्याने भोकं पाडायची, तव्यावर अर्धवट भाजायची आणि वाढायच्या आधी तेलाचा हात लावून जाळीवर टाकायची. फुलका फुगला नाही की बोलणी खाल्लेल्या माणसाला हे जड जातं.

त्झात्झिकी, म्हणजे काकडी-लसूण घातलेलं घट्ट दही, सोपं, कारण त्याचा आत्मा म्हणजे आपला चक्का. इथलं ‘स्त्रांगिस्तो’ दही दहा टक्के स्निग्धांशाचं, गाळलेलं मिळतं. तिकडे करणाऱ्यांनी म्हशीच्या दुधाचं, आंबट न झालेलं दही रात्रभर फडक्यात टांगावं. श्रीखंडाला टांगतो तसंच. अर्धा किलोला एक काकडी. कोशिंबिरीसारखी कोचवायची नाही, जाड किसणीवर किसायची, मीठ लावून ठेवायची आणि हात दुखेपर्यंत पिळायची. पाणी राहिलं की संपलं. दोन पाकळ्या लसूण, चमचाभर व्हिनेगर, तीन चमचे तेल, शेपू. हो, शेपू. घरी ज्या भाजीवरून रुसायचो तिच्यासाठी आता शनिवारी बाजारात रांग लावतो. दाण्याचं कूट घालायचा मोह झाला होता. आवरला.

२३ मार्च

आज भाजणं नाही. अथेन्सच्या नाणेसंग्रहालयात गेलो होतो, पानेपिस्तिमिऊ रस्त्यावर, ट्रॉय खणून काढणाऱ्या हाइनरिश श्लीमानच्या जुन्या घरात. नाण्यांत मला रस नाही. मी गेलो होतो लोखंडी सळयांचा जुडगा बघायला. आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या मंदिरात वाहिलेल्या या सळया उत्खननात सापडल्या. सळईला प्राचीन ग्रीकमध्ये ‘ओबेलोस’. मांस भाजायची ही सळई पुढे मोल म्हणून चालू लागली आणि तिच्यावरून ‘ओबोल’ हे नाणं आलं. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, आणि द्राख्माचा मूळ अर्थ मूठभर. एका मुठीत मावतील तेवढ्या सहा सळया.

हाच द्राख्मा आपल्याकडे द्रम्म होऊन शिलाहारांच्या लेखांत येतो आणि त्याचाच पुढे दाम होतो. म्हणजे आपण दाम मोजतो तेव्हा नकळत मूठभर कबाबाच्या सळयाच मोजत असतो. काचेसमोर उभा राहून एकटाच हसलो. पहारेकऱ्याने बघितलं.

२० एप्रिल, ईस्टर

शेजारच्या इमारतीच्या अंगणात अख्खं कोकरू, बारा किलोचं. सकाळी सातला निखारे, साडेबाराला पान. फिरवायला माणसं हवीच असतात, दीड तास मी फिरवलं. मोटर होती, पण मोटरवर फिरवलेलं ते कसलं, असं तिथल्या काकांचं मत. मी इंजिनिअर आहे हे सांगितलं नाही.

दोन गोष्टी शिकलो. पहिली, पाठीचा कणा तारेने सळईला आवळून बांधतात, नाहीतर मांस शिजून सैल झालं की सळई आत नुसती फिरते आणि कोकरू जागच्या जागी राहतं. दुसरी जास्त कामाची. निखारे सारखे पसरत नाहीत. खांद्यांखाली आणि मांड्यांखाली ढीग, मधल्या बरगड्यांखाली जवळजवळ नाही. जाड तिथे आग. इतकी साधी गोष्ट, पण मी दोन महिने शेगडीभर एकसारखा थर पसरून वर “एका बाजूने करपतंय” म्हणून कुरकुरत होतो.

बाजूच्या सळईवर कोकोरेत्सी. काळीज, फुप्फुस, हृदय ओवून वरून धुतलेली आतडी गच्च गुंडाळलेली. वजडी साफ करताना आईला पाहिलेल्या माणसाला बाकी काही सांगावं लागत नाही. आतडी उलटी करून लिंबू-मिठाने चोळणं, तोच वास, तीच घाई. चव मात्र वेगळी, बाहेरून कुरकुरीत आणि आत दमदार. तिखट घातलेली वजडी जास्त आवडते का? हो. पण दुसऱ्या वेळी ताट पुढे केलंच.

११ मे

सहावी, सातवी आणि आठवी फेरी एकाच दुपारी, फक्त मिठासाठी. एक गट मीठ न लावता भाजून वरून मीठ, दुसऱ्याला भाजायच्या दहा मिनिटं आधी, तिसऱ्याला चाळीस मिनिटं आधी. मधला सगळ्यांत वाईट. मिठाने ओढलेलं पाणी पृष्ठभागावर साचलेलं असतं, परत मुरायला वेळच मिळालेला नसतो, मग तुकडा भाजायच्या ऐवजी उकडतो. माझा खाटीक पहिल्या गटाच्या बाजूचा, इथले बहुतेक भाजणारे तसेच. मला तिसरा आवडला, आतपर्यंत चव असते. हे खाटकाला सांगितल्यावर त्याने खांदे उडवून चॉप तोडायला घेतले.

१५ जून: आकडे

चौदावी फेरी, आणि पहिल्यांदा मनासारखी.

मांस डुकराच्या मानेचं, इथे ‘लेमोस’ म्हणतात. पाठीचं कितीही देखणं दिसलं तरी घेऊ नका, चरबी नसल्याने कोरडं पडतं. अडीच सेंटिमीटरचे तुकडे, सहा तुकडे म्हणजे साधारण शंभर ग्रॅम, एका काडीला तेवढेच. चरबीचा, बिनचरबीचा असे आलटून पालटून आणि एकमेकांना चिकटून. आपण कबाब ओवताना फट ठेवतो तशी ठेवली की सगळ्या बाजूंनी वाळतात. किलोला दहा ग्रॅम मीठ चाळीस मिनिटं आधी, थोडं तेल, मिरपूड. लिंबू आधी अजिबात नाही, तासाभरात वरचा थर पिठूळ होतो.

काड्या अर्धा तास भिजवूनही टोकं जळायचीच. उपाय जाळीच काढून टाकणं. शेगडीत दोन विटा पंधरा सेंटिमीटर अंतरावर उभ्या केल्या, काड्या त्यांच्यावर आडव्या. टोकं आगीबाहेर, मांस थेट निखाऱ्यावर, चिकटायला लोखंडच नाही. माझा शोध म्हणून तीन दिवस मिरवलं. मग कळलं की सांतोरिनीच्या अक्रोतिरीत, ज्वालामुखीच्या राखेखाली, साडेतीन हजार वर्षांहून जुने मातीचे असेच जोडआधार सापडलेत. वर सळया ठेवायला खाचा, खाली हवा जायला भोकं, टोकांना प्राण्यांची मुंडकी. माझ्या विटांना मुंडकी नाहीत एवढाच फरक.

निखारे लाकडी कोळशाचे, त्यावर राखेची पांढरी साय धरेपर्यंत हात आखडता. मांसाच्या उंचीवर तळहात धरून तीन-चार सेकंदांत ओढून घ्यावासा वाटला की लावायचं. ज्वाळ दिसली की काडी बाजूला, पाणी मारायचं नाही, राख उडून मांसावर बसते. दर मिनिटाला फिरवायचं, दहा ते बारा मिनिटं, आत अडुसष्ट अंश. उतरवल्यावर हाताने चुरडलेला रिगानी, म्हणजे इथला रानटी वाळका ओरेगानो, आणि लिंबू. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुडीतल्या चुऱ्याशी याची तुलना करू नका. हा डेखासकट जुडीने मिळतो आणि चुरडला की सगळी गच्ची दरवळते.

यायांनी दोन काड्या खाल्ल्या. काहीच विचारलं नाही. मांस खराब होतं का, हेही नाही.

२० जुलै

घरी गीरोस करायचा अट्टहास. गीरोस म्हणजे उभ्या फिरत्या सळईवर भाजून कापलेलं मांस. शब्दाचा अर्थ गोल फिरणं, तुर्की ‘डोनेर’चाही अर्थ तोच. १९२२ नंतर आशिया मायनरमधून हाकलले गेलेले ग्रीक इथे आले ते ही विद्या घेऊन. निकेआ वसलं ते याच निर्वासितांमुळे. इथे येऊन त्यात डुक्कर आलं आणि पितेत तळलेले बटाटेही. दुकानात “आप ओला” म्हणायचं, म्हणजे सगळं घालून. एवढं ग्रीक आलं की उपाशी मरत नाही.

अर्धा कांदा पालथा, त्यात उभी काडी, तिच्यावर पातळ कापांचा मनोरा, ओव्हन १८० अंशांवर. पस्तिसाव्या मिनिटाला चरबी वितळली, मनोरा पिसाच्या मनोऱ्यासारखा कलला आणि आडवा झाला. ट्रेमध्ये रस्सा. चविष्ट होता, खोटं कशाला बोलू, पण त्याला गीरोस म्हणणं पाप आहे. दुसऱ्यांदा खांद्याचं मांस अर्धवट गोठवून कागदासारखे काप काढले आणि धुरावलेल्या लोखंडी तव्यावर थोडे थोडे परतले. कडा कुरकुरीत झाल्या. तरी फिरणाऱ्या सळईची सर नाही. गीरोस कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणावा, असं माझं आता ठाम मत आहे.

१० ऑगस्ट

सावलीत ४० अंश. गच्चीवर जायची हिंमत नाही. त्झात्झिकी आणि कलिंगड.

१४ सप्टेंबर

पुढचं लक्ष्य कोंतोसूवली होतं. मुठीएवढे तुकडे, लांब सळई, दीड-दोन तास मंद निखारे, मोटरसकट. जुन्या पंख्याची मोटर काढून गिअरही बसवलाय, मिनिटाला तीन फेरे. पण ते लांबणीवर पडलंय, कारण आई ऑक्टोबरात येतेय.

फोनवर आजवर तिला फक्त “मटण भाजतो” एवढंच सांगितलंय. फोटो पाहून ती दरवेळी म्हणते, “रंग फारच फिका रे, आणि हाड कुठाय?” आमच्या घरात डुक्कर हा शब्द शिवीखेरीज कधी आलेला नाही. वसईच्या नाहीतर गोव्याच्या मित्राचं घर असतं तर प्रश्नच नव्हता. म्हणून आता कोंबडी, कलामाकी कोतोपुलो. छाती घेतली, भुसा झाली. हाड काढलेली मांडी घेतली, कातडी बाहेरच्या बाजूने राहील अशी घडी घालून ओवली. आत चौऱ्याहत्तर अंश गाठेपर्यंत कातडी करपते, निखारे कमी केले तर ती रबर होते. कालची तिसरी फेरी. विटांखाली आणखी एक वीट सरकवून उंची वाढवलीय. रविवारी चौथी.