तुम्ही विचारलंत म्हणून: रजिस्टरं शून्य केली, तरी व्हीसीपीयू का चालत नाही?

केव्हीएमवर (लिनक्समधली, एका संगणकात आभासी संगणक चालवण्याची सोय) स्वतःचा छोटा हायपरवायझर, म्हणजे असे आभासी संगणक (गेस्ट) चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलेली मुलंमुली मला हमखास विचारतात, "ताई, व्हीसीपीयू (गेस्टचा आभासी प्रोसेसर) तयार केला, सगळी रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागा) शून्य करून भरली, तरी तो चालत का नाही?"

शून्य म्हणजे कोरी पाटी असं आपण धरून चालतो. प्रोसेसरच्या लेखी तसं नसतं. एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्यातला प्रोसेसर) रिसेट झाला की त्याच्या फ्लॅग रजिस्टरमध्ये २ असतो, कारण त्यातला २ किमतीचा बिट कायम १च असावा लागतो. कोड सेगमेंट (सीएस, कोड मेमरीत कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) शून्याने भरला, तर 'हा सेगमेंट हजरच नाही' असा त्याचा अर्थ होतो.

खरी गंमत त्या कोड सेगमेंटमध्येच आहे. रिसेटनंतर सीएसचा सिलेक्टर (त्याचा बाहेरून दिसणारा आकडा) एफ०००, आयपी (पुढची सूचना कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) एफएफएफ०; हे आकडे हेक्स, म्हणजे १६च्या पायातले. रिअल मोडच्या (प्रोसेसर सुरू होतो त्या जुन्या, साध्या पद्धतीच्या) हिशोबाने सिलेक्टरला १६ने गुणून आयपी मिळवला, की पत्ता येतो १ एमबीच्या १६ बाइट अलीकडचा. १९७८चा ८०८६ तिथूनच सुरू व्हायचा. ३८६पासून मात्र पहिली सूचना ४ जीबीच्या १६ बाइट अलीकडून उचलली जाते. सिलेक्टर बघून हे कळणारच नाही. सेगमेंट रजिस्टरला एक लपलेला भाग असतो, त्यात बेस (सुरुवातीचा पत्ता), लिमिट (लांबी), प्रकार असं सगळं असतं, आणि पत्ता काढताना प्रोसेसर तोच वाचतो. रिसेटला तिथला बेस एफएफएफएफ०००० असतो.

एरवी हा भाग सिलेक्टर भरताना आपोआप भरतो. केव्हीएममध्ये तो आपणच भरायचा. त्यामुळे नुसता सिलेक्टर शून्य केला आणि बेस तसाच राहिला, तर तुमचा कोड पत्ता ० वर बसून राहतो आणि गेस्ट जातो पार वर, जिथे मेमरी लावलेलीच नाही. म्हणून मी सांगते, आधी गेट-एसरेग्सने (सेगमेंट वगैरे खास रजिस्टरं वाचून देणारा केव्हीएमचा कॉल) आहे ती स्थिती मागून घ्या, हवं तेवढंच बदला, मग सेट करा.

लाँग मोडला, म्हणजे प्रोसेसरच्या ६४ बिट पद्धतीला, मी स्वतः दोन रात्री अडकले होते. पीएई, एलएमई, एलएमए हे त्यासाठी लागणारे बिट, पेज टेबलांचा पत्ता ठेवणारं सीआर३, सगळं पुन्हापुन्हा तपासलं, पेज टेबलं (मेमरीच्या पत्त्यांचे नकाशे) हाताने कागदावर मांडली. केव्हीएम-रन (गेस्ट चालवणारा कॉल) दर वेळी 'फेल एंट्री' म्हणून परत यायचं, कारण ८०००००२१. हा आकडा सोडवून वाचायचा असतो. सगळ्यात वरचा बिट सांगतो की गेस्टमध्ये शिरताच आलं नाही, आणि खालचे हेक्स २१, म्हणजे ३३, सांगतात की गेस्टची स्थितीच अवैध आहे. कुठलं रजिस्टर, ते सांगत नाही. इंटेलचा प्रोसेसर आत शिरण्याआधी सगळी स्थिती एकमेकांशी ताडून बघतो. मी ३२ बिटचा सेगमेंट उचलून त्यात एल बिट ('हा ६४ बिट कोड') १ केला होता, आणि डीबी बिटही ('हा ३२ बिट कोड') १च राहिला होता. ६४ बिट कोडमध्ये हे दोन्ही एकत्र चालत नाहीत.

डीबी शून्य केला. पुढच्या रनला गेस्टने ३एफ८ पोर्टवर (पीसीच्या पहिल्या सीरियल पोर्टवर) एक अक्षर लिहिलं, आणि ते माझ्या टर्मिनलवर उमटलं.