पाठमोरा जागल्या

हरभरा घाट्यावर आला की आमच्या यवतमाळ भागातली माणसं रात्री घरी निजत नाहीत. जागल असते. रोही म्हणजे नीलगाई न् रानडुकरं एका रात्रीत वावराची वाट लावतात, म्हणून मचाणावर घोंगडी पांघरून बसायचं, मधूनच रिकामा डबा बडवायचा, बॅटरी फिरवायची. झोतात हिरवट-पिवळे दोन ठिपके चमकले की समजावं, रोही आला. डुक्कर मात्र असं सापडत नाही. त्याची चाहूल कानानंच घ्यावी लागते.

याचं कारण डोळ्याच्या मागच्या भिंतीत आहे. रोह्याच्या, गाईबैलांच्या, मांजराच्या दृष्टिपटलामागे, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पडद्यामागे, चकचकीत थर असतो. पटलातून निसटलेला उजेड तो परत पाठवतो, म्हणजे तोच उजेड दोनदा कामी येतो. हा थर डुकराला नाही न् माणसालाही नाही. आपल्या दृष्टिपटलामागे काळा थर आहे, उरलासुरला उजेड गिळून टाकणारा. अंधारात आपण डुकराच्या पंगतीला आहोत, हे मला फारसं आवडलेलं नाही.

हा काळा थर न् दृष्टिपटल, दोन्ही मुळात मेंदूचेच. आईच्या पोटात गर्भ साधारण 22 दिवसांचा झाला की होऊ घातलेल्या मेंदूच्या पुढच्या टोकाला दोन खाचा पडतात. त्या फुगून बाहेर येतात, कातडीला जाऊन भिडतात न् मग आत दबून दोन पदरी पेला तयार होतो. आतला पदर दृष्टिपटल, बाहेरचा काळा थर. समोरचं भिंग तेवढं कातडीचं. म्हणजे डोळा पाहतो न् मेंदूला कळवतो असं म्हणण्यात अर्थ नाही. मेंदूचाच एक तुकडा बाहेर येऊन बसलेला असतो.

पण बसलाय कसा, तर वावराकडे पाठ करून बसलेल्या जागल्यासारखा. उजेड टिपणाऱ्या पेशींची तोंडं मागच्या काळ्या थराकडे, न् निरोप नेणारे मज्जातंतू त्यांच्यापुढे पसरलेले. दहा-बारा लाख तंतू एकत्र होऊन ज्या भोकातून मेंदूकडे जातात, तिथे उजेड टिपणारी एकही पेशी नाही. हा आंधळा ठिपका फ्रान्सच्या एदम मारिओतनं 1660 च्या दशकात दाखवून दिला. ऑक्टोपसचा डोळा कातडीपासून घडतो, म्हणून त्याच्या पेशी सरळ उजेडाकडे तोंड करून असतात न् त्याला असा ठिपकाच नाही. आपल्या जागल्याला बोल लावण्याआधी एक पाहावं: त्याची भाकर मागून येते. या पेशींची टोकं रोज थोडी झिजून गळतात, तो कचरा काळा थर खाऊन टाकतो न् दहाएक दिवसांत टोक नवं होतं.

आमचे मोठेबाबा जागलीला बसले की म्हणायचे, "अंधारात टक लावून नोको पाहू. जरासा बाजूले पाय, मंग दिसते." मी ते निव्वळ म्हाताऱ्याचं बोलणं समजायचो. पण दृष्टिपटलाच्या ऐन मधोमध, जिथे नजर सगळ्यात धारदार, तिथे फक्त शंकुपेशी असतात. त्यांना रंग कळतात, बारकावे कळतात, पण उजेड भरपूर लागतो. ही जागा जन्मतः पुरती झालेलीही नसते. पुढची काही वर्षं तिथले शंकू दाटीनं एकमेकांजवळ सरकत राहतात. अंधुक उजेडात कामाला येतात त्या दंडपेशी, सुमारे 12 कोटी, न् त्या सगळ्या या जागेच्या आजूबाजूला. साठेक लाख शंकूंना अमावस्येच्या रात्री काही काम नाही. धुऱ्यावरच्या काळ्या आकृतीवर नेम धरून पाहिलं की ती नाहीशी होते, नजर वीतभर सरकवली की परत उभी राहते.

दंडपेशींना मात्र वेळ द्यावा लागतो. उजेडानं विटलेलं त्यांचं रंगद्रव्य पुरतं भरून यायला अर्धा तास तरी लागतो. आताची पोरं मचाणावर मोबाइल पाहत बसतात, डब्याचा आवाज ऐकला की मान वर करतात न् त्यांना समोर काळंकुट्ट दिसतं. रोह्याला चरायला तेवढा अर्धा तास पुरून उरतो.