एका केकापायी पंतप्रधान? तुम्ही विचारलंत म्हणून...

सावंतवाडीला गेलो की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, सुपारी कातरत काका विचारतातच. "रे, एका केकापायी पंतप्रधान घालवल्यानी तुमच्या लोकांनी?" पंतप्रधान म्हणजे ब्रिटनचे बोरिस जॉन्सन, करोनाच्या लॉकडाऊनमधल्या पार्ट्यांमुळे गाजलेले. पुण्यातला मावसभाऊ जरा वेगळ्या भाषेत विचारतो, की पार्टीच केली ना यार, पैसे तर नाही खाल्ले, एवढं काय चिडायचं? ऑफिसातले जुने मित्र, आत्याच्या सोसायटीतले लोक, परवा तर विमानात शेजारी बसलेल्या गृहस्थांनीपण हेच विचारलं. दरवेळी मी हसून काहीतरी बोलतो आणि विषय माशांवर नेतो, कारण खरं उत्तर द्यायला बसलो तर जेवण गार होतं. तर आता तुम्ही विचारलंतच म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो, थोडं लांबेल.

मी राहतो स्विंडनला. लंडनपासून ट्रेनने तासभर. सांगण्यासारखं म्हणजे एकात पाच छोटी सर्कलं असलेलं एक भयानक सर्कल आहे, मॅजिक राउंडअबाउट म्हणतात, नवीन माणूस त्यात शिरला की देव आठवतो. आणि इथे गोव्याचे लोक प्रचंड. म्हणजे माझ्या डाव्या बाजूचं घर बारदेशच्या माणसाचं, पासपोर्ट पोर्तुगालचा, कारण १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पोरानातवंडांना तो मिळवता येतो. पोर्तुगालचा म्हणजे युरोपचा, म्हणजे २०२० संपेपर्यंत विमानात बसायचं आणि स्विंडनला येऊन कामाला लागायचं, व्हिसाबिसा काही नव्हता. उजव्या बाजूला इंग्रज आजोबा, आयुष्यभर होंडाच्या कारखान्यात. मधे मी, भारतीय पासपोर्टवाला, व्हिसाच्या फिया भरून भरून टेकीला आलेला.

आता गंमत बघा. २३ जून २०१६ ला जेव्हा युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं यावर मतदान झालं तेव्हा माझा शेजारी, जो इथे माझ्या आधीपासून राहतोय, टॅक्स भरतोय, त्याला मत नव्हतं. मला होतं. कारण भारत कॉमनवेल्थमध्ये, आणि कॉमनवेल्थचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर तो मत देऊ शकतो. ज्याचं सगळं पणाला लागलेलं तो घरात बसला आणि मी पेन्सिलीने फुली मारून आलो.

आणि मी फुली मारली लीव्हवर, म्हणजे बाहेर पडायच्या बाजूने. हो. इथे अनेक देशी लोकांनी मारली, आता कुणी कबूल करत नाही ते सोडा. आम्हाला सांगितलं होतं की युरोपातले कमी झाले की तुमच्या लोकांना व्हिसा सोपे होतील, करी हाउसवाल्यांना तर खास सांगितलं होतं की आचारी आणता येतील. वर प्रचाराची ती लाल बस, तिच्यावर लिहिलेलं की आठवड्याला ३५ कोटी पाउंड युरोपला जातात ते एनएचएसला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ. आकडा खोटा होता हे तेव्हाच लोक ओरडून सांगत होते, कारण परत मिळणारे पैसे त्यात वजाच केलेले नव्हते. पण माझ्या मनात खरं सांगायचं तर साधी चीड होती, की माझ्या आईला चार महिने भेटायला बोलवायचं तर मी बँकेचे कागद जोडत बसतो आणि शेजाऱ्याची सासू नुसती येते. एवढ्यावर मी देशाचं भवितव्य ठरवून आलो. होंडाच्या आजोबांचं कारण माझ्यापेक्षा बरं होतं, ते म्हणाले चाळीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणी काहीतरी विचारलंय.

५१.९ विरुद्ध ४८.१. मग सुरू झाला गोंधळ. पंतप्रधान कॅमरन दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा जाहीर करून मोकळे, त्यांच्या जागी आलेल्या थेरेसा मेबाईंचा बाहेर पडायचा करार पार्लमेंटने तीनदा आपटला, पहिल्यांदा तर २३० मतांनी, बाहेर पडायची तारीख पुढे पुढे, साठ लाखांवर लोकांनी हे सगळं रद्द करा म्हणून पिटिशनवर सह्या केल्या. जॉन्सनसाहेब आले, त्यांनी पार्लमेंटच बंद ठेवायचा प्रयत्न केला, सुप्रीम कोर्टाच्या अकराच्या अकरा जजनी तो बेकायदा ठरवला. शेवटी डिसेंबर २०१९ ला लोक इतके कंटाळले होते की 'एकदाचं उरका' एवढ्याच बोलीवर त्याच माणसाला ८० चं बहुमत दिलं. आजोबांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा टोरींना, म्हणजे जॉन्सनच्या पक्षाला मत दिलं, तेपण मनावर दगड ठेवून, त्यांचे वडील रेल्वे वर्कशॉपमधले युनियनवाले.

मग ३१ जानेवारी २०२०. रात्री ११ ला ब्रिटन अधिकृत बाहेर. पार्लमेंट चौकात झेंडे, गाणी, आणि त्याच दिवशी बातमी, इंग्लंडमध्ये करोनाचे पहिले दोन पेशंट सापडले. एकच तारीख. टीव्हीवर काउंटडाउन मोठ्या अक्षरात आणि करोना खाली पट्टीत.

हा योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण नंतर करोनाच्या चौकशी आयोगापुढे जे आलं ते योगायोगाचं नव्हतं. साथ आली तर काय करायचं यावर काम करणारी माणसं करार न होता बाहेर पडलो तर काय, या तयारीवर पळवली होती. त्या तयारीचं नाव ऑपरेशन यलोहॅमर. म्हणजे आपणच लावलेल्या आगीचे बंब तयार ठेवताना खरी आग लागली तेव्हा बंब चालवणारे तिकडे. तशी २०१६ मध्ये फ्लूच्या साथीची मोठी रंगीत तालीमही झाली होती, सिग्नस नावाची, त्यातच कळलं होतं की वृद्धाश्रम, केअर होम्स तग धरणार नाहीत. फाइल झाली, कपाटात गेली. (हे वाचून तुम्हाला आपल्याकडचं कुठलं ऑफिस आठवलं असेल तर माझा इलाज नाही.)

३ मार्चला पंतप्रधान टीव्हीवर सांगतायत की मी हॉस्पिटलला जाऊन आलो, तिथे करोनाचे पेशंटही असावेत आणि मी सगळ्यांशी हात मिळवले. पुढच्या आठवड्यात चेल्टनमला घोड्यांच्या शर्यती, चार दिवस, तोबा गर्दी. लिव्हरपूलला फुटबॉल मॅचसाठी माद्रिदचे प्रेक्षक विमान भरून आले, त्यांच्या स्वतःच्या गावात मॅच बघायला बंदी होती तेव्हा. लॉकडाऊन २३ मार्चला. तुमच्या थाळ्या २२ मार्चला वाजल्या, आमच्या टाळ्या २६ ला सुरू झाल्या, दर गुरुवारी रात्री ८ वाजता, मीही वाजवल्या, शेजारीण कामाला जाता जाता आमच्याकडे बघून हात हलवायची.

ती शेजारीण, बारदेशवाल्याची बायको, केअर होममध्ये काम करायची. मार्चच्या मधापासून एप्रिलच्या मधापर्यंत इथल्या हॉस्पिटलांनी खाटा मोकळ्या करायला सुमारे २५ हजार लोकांना केअर होम्समध्ये पाठवलं, बऱ्याच जणांची टेस्ट न करता. २०२२ ला हायकोर्ट म्हणालं हे धोरण बेकायदा होतं. २०२० मध्ये मात्र मंत्री सांगत होते की आम्ही केअर होम्सभोवती संरक्षक कडं उभं केलंय. ते कडं म्हणजे काय तर शेजारणीला आठवड्याला मोजून मास्क, आणि ॲप्रन संपले की कचऱ्याच्या पिशव्या कापून घालायच्या. तिच्या इथले म्हातारे एकेक करत गेले. मग तिची आई, तीच भेटायला यायची ती सासू, आता कायमची इथेच आलेली, तिला ताप आला. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना मी खिडकीतून बघितली ती शेवटची. शेजारीण आजही म्हणते, मीच आणला घरात.

पुरणं झालं २२ मे २०२० ला, शुक्रवारी. चर्चं बंद, म्हणून थेट कबरीपाशी, दहा माणसांची परवानगी, म्हणून घरातले कोण येणार याची यादी करावी लागली आणि भाच्याला गाडीत बसवून ठेवलं. मिठी मारायची नाही. मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा होतो. ऊन इतकं सुंदर पडलं होतं की राग यावा. संध्याकाळी घरी आलो तर बातमी, पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लॉकडाऊनमध्ये लंडनहून डरहमला गाडी घेऊन गेले होते, आणि दोनतीन दिवसांनी त्यांनी बागेत टेबल टाकून सांगितलं की बार्नार्ड कासल या गावाला गेलो ते डोळ्यांना नीट दिसतंय का बघायला. शेजारी टीव्ही बंद करायला उठला आणि रिमोट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

आता काकांच्या प्रश्नाकडे. जानेवारी २०२२ ला ती ईमेल बाहेर आली, १०, डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत हवा छान आहे तर पार्टी, आपापली दारू आपण आणा, सुमारे शंभर जणांना आमंत्रण. तारीख २० मे २०२०. ती ईमेल बाहेर आली त्या दिवशी या देशात काय झालं माहितीये? लोकांनी मोबाइलची गॅलरी उघडली. अक्षरशः. २० मेला मी कुठे होतो. ट्रेनमध्ये, ऑफिसात, दुकानाच्या लायनीत लोक अंगठ्याने मागे मागे जात होते. शेजाऱ्याने मला दाखवला तो फोटो दोन दिवसांनंतरचा, दूर दूर उभी दहा माणसं आणि मागे काचेमागे भाचा. तेच ऊन.

म्हणून सांगतो, प्रश्न केकचा नव्हता. केक १९ जून २०२० चा, वाढदिवसाचा, त्यावर जॉन्सन आणि तेव्हाचे अर्थमंत्री सुनक दोघांना ५०-५० पाउंड दंड झाला, आणि बचावाला आलेले एक मंत्री म्हणाले की पंतप्रधानांवर केकने दबा धरून हल्ला केला. पण त्यांचीच पोलिसं साध्या लोकांना पार्कमध्ये, घरात, लाखाच्या वर दंडाच्या पावत्या फाडत होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये राणी नवऱ्याच्या अंत्यविधीला चर्चमध्ये एकटी बसली, आदल्या रात्री डाउनिंग स्ट्रीटवर दोन दोन पार्ट्या, वाइन आणायला बॅग घेऊन माणूस पाठवलेला. इंग्रज माणूस लाइन मोडणाऱ्याला माफ करत नाही, आणि इथे लाइन आखणाराच मोडत होता. ज्यांनी नियम मोडले होते ते फार चिडले नाहीत, मी बघितलंय. ज्यांनी पाळले ते चिडले.

तसं हिशेबाने बघितलं तर पंतप्रधान केकवर गेलेच नाहीत. जुलै २०२२ ला दुसऱ्याच एका खासदाराच्या भानगडीत खोटं बोलल्याचं निघालं आणि पन्नासच्या वर मंत्री-संत्री राजीनामे देऊन पळाले. काकांना हे सांगितलं की ते म्हणतात, म्हणजे तिकडेपण आमदार फुटतात तर.

लसीचं मात्र नाव घ्यायला हवं, तिथे सरकारने काम केलं. ८ डिसेंबर २०२० ला कॉव्हेंट्रीत पहिली लस, आणि पुढे भराभर. मार्च २०२१ मध्ये पुण्याच्या सीरममधून ५० लाख डोस इथे आले होते, मला टोचलेला हडपसरचा होता का कोण जाणे, मी आपला दंड चोळत तेच मनात धरलं. आणि सप्टेंबरमध्ये याच सरकारने सांगितलं की भारतात घेतलेली कोव्हिशील्ड आम्ही धरणार नाही, अशा लोकांनी १० दिवस क्वारंटाइन. अरे, तीच लस! माझी आई सावंतवाडीत दोन डोस घेऊन बसलेली, मुलाच्या दंडात आणि आईच्या दंडात एकच औषध, पण ती बिनलसीची. मग म्हणाले लस चालेल पण सर्टिफिकेट नाही चालणार. भारताने उलटा तोच नियम लावल्यावर ११ ऑक्टोबरपासून गाडी रुळावर आली. आई दिवाळीला आली. तिच्या व्हिसाचे कागद पूर्वीइतकेच जोडले, एकही कमी नाही.

आणि ब्रेक्झिटचं काय झालं? ते करोनाच्या पदराआड लपलं. डिसेंबर २०२० ला फ्रान्सने नव्या व्हेरियंटमुळे बॉर्डर बंद केली, केंटमध्ये हजारो ट्रक, ड्रायव्हर ख्रिसमसला केबिनमध्ये अडकले, ग्रेव्हझेंडच्या गुरुद्वारातून शीख लोक त्यांना जेवण नेऊन देत होते. २०२१ च्या सप्टेंबरात पेट्रोल पंप कोरडे, पेट्रोल आहे पण टँकरला ड्रायव्हर नाही, मिलिटरी बोलावली. विचारलं तर मंत्री म्हणायचे करोनामुळे. करोनाचं विचारलं तर म्हणायचे आम्ही ब्रेक्झिट करून दाखवला ना. दोन उधाऱ्या, आणि प्रत्येक सावकाराला दुसऱ्याचा पत्ता. होंडा जुलै २०२१ ला बंद झाली, कंपनी म्हणाली ब्रेक्झिटमुळे नाही, जगभरचं गाड्यांचं गणित बदललं, असेलही. आजोबा म्हणतात मला एवढंच सांगा की मी मूर्ख होतो का. मी काय सांगणार.

नोव्हेंबर २०२५ ला आयोगाने अहवालात लिहिलं, फार थोडं आणि फार उशिरा. लॉकडाऊन एक आठवडा आधी लावला असता तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २३ हजार माणसं वाचली असती. लोकांनी त्याआधीच हिशोब केला होता. ४ जुलै २०२४ च्या रात्री टोरींच्या हातून विरोधी लेबर पक्षाकडे गेलेली पहिली जागा कुठली तर आमची, स्विंडन साउथ. आजोबा मत द्यायलाच गेले नाहीत, टोमॅटोला पाणी घालत होते.

राहिलं शेजाऱ्याचं. ३० जून २०२१ ही युरोपवाल्यांना इथे राहायचा हक्क नोंदवायची शेवटची तारीख. त्याला ॲप जमेना, म्हणून मीच त्याच्या किचनमध्ये बसून पासपोर्ट स्कॅन केला, चेहरा गोल गोल फिरवायला लावला, फॉर्म भरला. स्वतःच्याच घरात राहायची परवानगी मागतोय असा चेहरा होता त्याचा. भिंतीवर सासूचा फोटो, खाली छोटा लाल दिवा. सबमिट झाल्यावर त्याने चहा ठेवला आणि सहज विचारलं, तुला तर वोट होतं ना तेव्हा, कुणाला दिलंस?

मी म्हणालो रिमेनला.

तो मराठी वाचत नाही, रोमीतलं, म्हणजे रोमन लिपीतलं कोंकणी वाचतो, म्हणून इथे लिहितोय.