एक हातमोजा माझा, एक आईचा

गुरुवारी रात्री विमान आहे आणि अंगठा राहिलाय.

हातमोज्याचा हो. चार बोटं एका पिशवीत आणि अंगठा वेगळा, तसले लोकरीचे जाडजूड हातमोजे. अमेरिकेत, मिनियापोलिसमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांना नाताळच्या आत द्यायचेत आणि मी ते ठाण्यात, नौपाड्याला आईच्या घरी पंख्याखाली बसून विणतेय. डिसेंबर आहे, तरी दुपारी 32 डिग्री. घामाने लोकर बोटांना चिकटते, टाका सुईवरून सरकत नाही. आईने पावडरचा डबा पुढे केला. कॅरमला लावतात तशी तळहाताला पावडर लावून मी विणतेय.

आजोबांचं प्रकरण असं. तिकडे बर्फ पडायचा थांबला की 24 तासांत घरासमोरचा फुटपाथ आपला आपण मोकळा करायचा, हा पालिकेचा नियम. फुटपाथ पालिकेचा, बर्फ देवाचा, फावडं मात्र आमचं! पहिल्या वर्षी मी जाम चिडले होते. मग एका पहाटे घरघर ऐकू आली म्हणून पडदा सारला, तर सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ आपलं यंत्र घेऊन आमच्या दारापर्यंत रस्ता काढत होते. तेव्हापासून दर हिवाळ्यात काढतात. पैसे घेत नाहीत. दिवाळीचा फराळ नेऊन दिला, तर चकली काय आहे ते नीट निरखून पाहिलं आणि आभार मानले. पुढे ती खाल्ली की नाही, देव जाणे. हाताने विणलेलं मात्र तिकडे कोणी नाकारत नाही.

आता सुयांचं सांगते, कारण या एका गोष्टीने माझे चार दिवस खाल्ले. विमानात अडवतील या धास्तीने माझ्या सुया मी तिकडेच ठेवून आले. (अमेरिकेत हातातल्या सामानातही विणायच्या सुया चालतात, हे नंतर वाचलं.) तिकडच्या नमुन्यात सहा नंबर लिहिलं होतं, म्हणून जांभळी नाक्याला जाऊन सहा नंबरच्या सुया मागितल्या. घरी येऊन मनगटाची पट्टी विणली, तर ती पिठाच्या चाळणीसारखी झिरझिरीत. आईने सुई डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाली, "ही कसली गं, पाच मिलिमीटरची?" आपल्याकडे अजून जुने इंग्रजी नंबर चालतात. आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत बरोबर उलटं. तिकडचा सहा म्हणजे 4 मिलिमीटर, तो आपला आठ. आईच्या तोंडी कायम असणारा दहा नंबर आपल्याकडे सव्वातीन मिलिमीटर, तिकडे तब्बल सहा! जगातल्या आठशे कोटी, सव्वाआठशे कोटी जे काही असतील त्या माणसांनी सरळ मिलिमीटर छापायला काय हरकत आहे? आपल्याकडची पद्धतही फार शहाणपणाची नाही, हे कबूल. पण अमेरिकन माणसाने इंच सोडले नाहीत, तो सुईचा आकडा काय सोडणार?

तिकडे आमच्या वाचनालयात दर मंगळवारी विणणाऱ्यांचा गट जमतो. दोन पुरुषही येतात. नोव्हेंबर उजाडला की सगळ्यांची परीक्षेसारखी घाई सुरू होते. उसवण्याला ते 'फ्रॉगिंग' म्हणतात. "रिप इट, रिप इट" हे बेडकाच्या डरावण्यासारखं ऐकू येतं, म्हणून. मला गंमत वाटली, पण थोडा रागही आला. आईच्या ठाणे-सीएसटी लेडीज डब्यात हा गट वीस वर्षं रोज भरत होता आणि त्याला कोणी काही नावही दिलं नाही. ठाण्याला टाके घातले की भायखळा येईपर्यंत बॉर्डर तयार. एकीकडे मटार सोलणं चालू, दुसरीकडे कोणाच्या तरी भाचीची कुंची.

कुंचीवरून खरा वाद झाला. गटातल्या एकीने गेल्या नाताळात मुलाला खोक्यात एक पूर्ण मोजा दिला. दुसरा सुयांवर अर्धवट होता, सोबत चिठ्ठी: "उरलेला जानेवारीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते फार आवडलं. पुरं झालं नाही तर मीही तसंच करीन, असं आईला सांगितलं.

"बारशाला कोणी अर्धी कुंची नेतं का?" आई म्हणाली. "आणि त्यांनी काय एका हाताने बर्फ काढायचा?"

मग दुसरा हातमोजा तिनेच घेतला. चार सुयांवर दोन दिवसांत उरकला, अंगठ्यासकट. फक्त माझा हात सैल, तिचा घट्ट. माझे चार इंचांत 20 टाके बसतात, तिचे 23. त्याच 44 टाक्यांत माझा घेर पावणेनऊ इंच, तिचा पावणेआठलाही कमी. दोन्ही शेजारी ठेवले तर बापलेक दिसतात.

काल रात्री जेवताना तिने सहज विचारलं, "समोरच्या काकूंना काय आणलंस?"

चॉकलेटं आणली होती. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला याच काकू तिला घेऊन गेल्या, डोळ्यात थेंब घालायला आठवडाभर येत होत्या. तेव्हा मला रजा नव्हती. मी म्हटलं, "अगं, ठाण्यात लोकरीचं काय करणार त्या?"

"मफलर घालतात. सकाळी तलावपाळीला जाताना."

घालतात, खरं आहे. वीस डिग्रीला ठाणेकर माकडटोपी चढवतो आणि मिनेसोटातला माणूस पाच डिग्रीला हाफ पँटवर फिरतो. पण मफलर म्हणजे साडेतीनशे-चारशे ओळी तरी होतात, आणि माझ्याकडे दिवस मोजकेच होते. शिवाय चॉकलेटं चांगली होती.

आज पहाटे पाणी प्यायला उठले, तर बैठकीतला दिवा चालू. आई सोफ्यावर बसलेली, मांडीवर लोकरीचा गुंडा. माझा हातमोजा उसवून झाला होता, तिचाही मनगटापर्यंत आला होता.

"पन्नास टाके घालते," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या हाताने पन्नास लागतील. तू झोप."