टिकलीखालचा पांढरा डाग

लग्नाच्या पंगतीतही त्वचेच्या डॉक्टरला सुट्टी नसते. एखाद्या मावशी बाजूला घेतात, टिकली सोलून काढतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "हे कोडच ना गं?" टिकलीखाली पडणारा पांढरा डाग म्हणजे कोडच का, हे तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कपाळाच्या मधोमध टिकलीएवढाच गोल डाग असेल आणि अंगावर दुसरीकडे काही नसेल, तर माझा पहिला संशय टिकलीच्या गोंदावर जातो. या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल-फिनॉल नावाचं रसायन सापडलेलं आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत टायरोसिनेज हे एन्झाइम असतं आणि ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवायला सुरुवात करतं. या फिनॉलची घडण टायरोसिनसारखीच. एन्झाइम फसतं, त्यालाच कामाला घेतं आणि त्यातून जे तयार होतं ते त्याच पेशीच्या जिवावर उठतं. बाकी त्वचा ठणठणीत राहते. पुष्कळदा ना खाज, ना आग. त्यामुळे बाई डाग झाकायला जरा मोठी टिकली लावते. डाग वाढतो, टिकलीही वाढते.

हे आत्ताच कळलंय असंही नाही. १९३९ साली अमेरिकेत चामडं कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर असेच डाग उठले. कारण निघालं रबरी हातमोज्यांतलं मोनोबेन्झोन, तेही असंच एक फिनॉल. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पडणारे डाग त्याच जातीचे. २०१३ साली जपानमध्ये गोरेपणाच्या क्रीममधल्या रोडोडेंड्रॉल या रसायनाने हजारो बायकांचे चेहरे आणि हात पांढऱ्या डागांनी भरले. गोरेपणाच्या हौसेवर याहून कडू टिप्पणी मला सुचत नाही.

खरं कोड वेगळ्या वाटेने येतं. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच रंगाच्या पेशींवर उलटते. डाग बहुधा दोन्ही बाजूंना जोडीने येतात: डोळ्यांभोवती, ओठांवर, बोटांच्या टोकांवर, गुडघ्यांवर. सोबत थायरॉइडचा त्रास असण्याची शक्यता असते, म्हणून ती तपासणी मी करून घेते. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही आणि ते शिवल्याने पसरतही नाही. महारोगाशी त्याचं काही नातं नाही. महारोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, कोडाच्या डागावर कापसाचा धागासुद्धा कळतो.

गोम अशी, की मुळात कोडाकडे कल असलेल्या बाईला टिकलीचं निमित्त पुरतं. मग जिथे टिकली कधी टेकलीच नाही, अशा जागीही डाग उमटू लागतात. म्हणून "नुसती टिकलीची अॅलर्जी आहे" म्हणून घरी बसू नका.

पहिला उपाय फुकटचा आहे: चिकट टिकली बंद, कायमची. एकादशीला नाही, हळदीकुंकवालाही नाही. मेणावर पिंजर लावता येते, पण काहींचं कपाळ त्या रंगाने काळवंडतं, तेव्हा आधी थोडे दिवस हातावर लावून पाहा. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने टॅक्रोलिमसचं (त्वचेतली प्रतिकारशक्ती शांत करणारं) मलम किंवा थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड. डाग बरेच असतील तर ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे शेक, आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने. २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालेलं रक्सोलिटिनिबचं क्रीम कोडासाठी आहे, पण सरसकट सगळ्यांना ते लागत नाही.

भिंगातून मी सगळ्यात आधी डागावरची लव पाहते. ती काळी असेल तर मला हुरूप येतो, कारण रंगाच्या राखीव पेशी केसांच्या मुळाशी असतात. उपचार लागू पडले की तिथूनच बारीक तपकिरी ठिपके उमटतात आणि पसरत एकमेकांना मिळतात. लव पांढरी झाली असेल तर काम अवघड. बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर केसच नाहीत, म्हणून तिथले डाग हटवादी. चेहरा त्यामानाने लवकर ऐकतो, पण तोही पहिले दोन-तीन महिने काहीच दाखवत नाही आणि नेमके याच काळात लोक उपचार सोडतात. सोडून बावचीचं तेल चोळतात आणि उन्हात बसतात. बावचीत सोरॅलेन हे उन्हाने चेतणारं द्रव्य असतं, त्याने रंग येऊ शकतो हे खरं. पण मात्रेचा अंदाज चुकला की त्याच जागी टरारून फोड येतात आणि भाजलेल्या जागी कोड आणखी पसरू शकतं. डाग वर्षभर जागचा हलला नसेल आणि मलमा-शेकांना दाद देत नसेल, तर मांडीची त्वचा घेऊन रंगपेशींचं रोपण करता येतं. त्याआधी मात्र नाही.