टोमॅटो पेस्ट घरी करा, आणि वापरताना आधी तेलात परता

नारायणगाव, पिंपळगाव बसवंतला आवक वाढली की टोमॅटो अगदी मातीमोल होतो, शेतकऱ्याचा तोडणीचा खर्चही सुटत नाही, बघवत नाही ते. अशा दिवसांत पाच किलो जास्तीचे आणा आणि पेस्ट करून ठेवा, खरंच सांगतेय.

टोमॅटोत 94-95 टक्के पाणीच असतं, ते घालवणं एवढंच काम आहे पण वेळखाऊ. पाच किलोची पेस्ट पाऊण किलोसुद्धा भरत नाही. गोल रसाळ गावठी नकोत, लांबट, गराचे, लालबुंद पिकलेले घ्या. आणि चिरून ठेवून देऊ नका, चिरले की लगेच गरम कढईत टाका, कारण चिरल्यावर त्यातली एन्झाइम्स रसाला दाटपणा देणारं पेक्टिन तोडायला लागतात आणि रस पातळ होतो. कारखान्यातही हेच करतात, टोमॅटो चिरडला की लगेच 90 अंशांच्या आसपास नेतात, त्याला हॉट ब्रेक म्हणतात. पुढे तिथे व्हॅक्यूममध्ये कमी तापमानाला आटवतात म्हणून रंग टिकतो, आपल्याकडे ती सोय नाही त्यामुळे आच मंद ठेवायची आणि तळ खरवडत राहायचं. मऊ झाले की पुरणयंत्रातून काढा, सालं-बिया वर राहतात. मग जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत आटवा, अॅल्युमिनियम नको, आंबट आहे ना. शेवटी शेवटी फार उडतं, जाळी झाका. उलथनं फिरवल्यावर तळाला रेघ राहिली की झालं. मीठ तेव्हाच, आधी घातलं तर आटून खारट.

इटलीतल्या सिसिली बेटावर हाच गर मीठ घालून ऑगस्टच्या उन्हात लाकडी फळ्यांवर पसरून वाळवतात, स्त्रात्तू म्हणतात त्याला, अगदी गडद लाल होतो.

आता वापरताना, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पेस्ट थेट रश्श्यात ढवळू नका. कांदा झाला की तेलात पेस्ट घाला आणि दोन-तीन मिनिटं परता, कच्चा वास जातो, रंग विटकरी होतो, तेल लाल सुटतं कारण टोमॅटोतला लाल रंग, म्हणजे लायकोपीन, तेलात विरघळतो. मगच पाणी. पावभाजीत, राजम्यात, अंडा करीत एक चमचा पुरतो.

बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरा, फ्रीझरमध्ये महिनोन् महिने राहते. कटाच्या आमटीत मात्र मी घालत नाही, तिथे चिंचच पाहिजे.